अष्टमीची भरती

मनवाची शाळा जूनमध्ये सुटली. घंटा होऊन सुटते तशी नव्हे, कायमची सुटली. आणि तीही कोणाच्या घरात, तर नलूबाईंच्या! ठाकुरद्वारच्या नाक्यावर पाच मिनिटं उभं राहावं, नलूबाईंनी गणित शिकवलेला एक तरी माणूस समोरून जाणारच. वाण्याचा थोरला त्यांच्या हातचा, बँकेतला मॅनेजर त्यांच्या हातचा, बिल्डिंगचा सेक्रेटरीसुद्धा त्यांच्या हातचा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाई दिसल्या की हे सगळे आपोआप ताठ उभे राहत. अशा बाईंची सख्खी नात नवव्या वर्षी शाळेतून काढून घरी बसवली, हे गिरगावात दोन दिवसांत सगळीकडे झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं निम्मी बिल्डिंग म्हणाली आणि उरलेल्या निम्मीने मान डोलावली.

झालं होतं ते साधंच. रोज सकाळी युनिफॉर्म अंगात चढला की पोरीच्या पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, नलूबाईंच्या मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. रविवारी मात्र पोट अगदी ठणठणीत. शेवटी ध्रुव आणि अनुजा, म्हणजे नलूबाईंचा मुलगा आणि सून, महिनोन्‌महिने वाचत बसले, शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना भेटून आले, आणि एका रविवारी जेवणं झाल्यावर ध्रुवने जाहीर केलं, "आई, आम्ही ठरवलंय. अनस्कूलिंग. शाळा नाही, घरी शाळा भरवणंही नाही. तिला जे शिकावंसं वाटेल ते ती शिकेल. आपण फक्त सोबत राहायचं."

नलूबाईंनी तोंडातली बडीशेप चावून संपवली. मग म्हणाल्या, "एका वर्षासाठी. पुढच्या जूनला बघू."

अनुजाने घराचे नियम सांगितले. आरडाओरडा करायचा नाही, धाक दाखवायचा नाही, दुसऱ्या मुलांशी तुलना करायची नाही, चॉकलेटचं आमिष नाही. नलूबाईंनी हे सगळं गिळलं. अडल्या त्या एकाच ठिकाणी.

"आणि आई, शाब्बाससुद्धा नको हं. मग ती शाब्बासकीसाठीच करत राहते."

"अगं, मग पोरीने काही चांगलं केलं तर मी काय करू? सुतक असल्यासारखं तोंड करून बसू?"

"तुम्हाला आनंद झाला तर आनंद झाला असं म्हणा."

"हे म्हणजे मुंबईला जायला पुण्यावरून गाडी!" नलूबाई म्हणाल्या, पण अनुजा गोड हसली आणि गोड हसणाऱ्या सुनेशी भांडायचं कसं, ते नलूबाईंना कोणी शिकवलं नव्हतं.

पण सवय ती सवय. जित्याची खोड! जिना चढताना बाई आपल्याशीच पुटपुटल्यासारखं "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस" म्हणायच्या आणि तेरा पंचेला मुद्दाम अडखळायच्या. पोळीचे तुकडे करताना "एक पोळी आणि तिघं जण, आता कसं बाई करायचं?" असा साळसूद चेहरा करायच्या. मनवा सुरुवातीला उत्तरं द्यायची. नलूबाईंना वाटलं, चला, कोणाला न दुखावता काम चाललंय.

एका दुपारी दोघी मटार सोलत होत्या. नलूबाई म्हणाल्या, "मनू, या शेंगेत सहा दाणे निघाले. मग अशा वीस शेंगा सोलल्या तर?"

मनवाने हातातली शेंग ताटात ठेवली. "आजी, तुला उत्तर माहितीय ना?"

"हो, माहितीय की."

"मग मला का विचारतेस?"

ती रागावली नव्हती. तिने आपल्या वाटणीचे दाणे भांड्यात ओतले, टरफलं गोळा केली आणि आत निघून गेली. पण त्या दिवसापासून तिने नलूबाईंना काही विचारणंच सोडून दिलं. आधी पोरगी प्रश्नांनी भंडावून सोडायची. काचेला रंग का नसतो, मांजराला स्वप्नं पडतात का, शून्य सापडायच्या आधी लोक दहा कसे लिहायचे. झोपताना एखादा, उठल्या उठल्या दुसरा. आता आजीशी बोलणं म्हणजे "आजी, चहा झाला", "आजी, तुझा फोन वाजतोय". पोरगी सभ्य झाली होती, आणि तो सभ्यपणा नलूबाईंना काट्यासारखा टोचत होता. आयुष्यभर मुलांनी त्यांना विचारलं होतं. घरातल्या एकुलत्या एका मुलीने विचारू नये, हे त्यांना सोसवेना. जून, शाळा, लोक काय म्हणतील, सगळं मागे पडलं. ही पोरगी पुन्हा आपल्याकडे यायला हवी, एवढंच एक त्यांना हवं होतं.

त्यांनी अनुजापाशी मन मोकळं केलं, तेव्हा अनुजा खाली मान घालून म्हणाली, "आई, मला पण नाही विचारत ती हल्ली. मी... मी दुकानांच्या पाट्या वाचून घ्यायचे तिच्याकडून. सहज म्हणून."

ध्रुवने कबूल केलं, की त्याने पिझ्झावर अपूर्णांक शिकवून पाहिले होते. नलूबाईंचे यजमान कमलाकांत पेपराआडून म्हणाले, "मी फक्त राजधान्या विचारल्या. तेही आफ्रिकेपर्यंतच."

नलूबाई कपाळावर हात मारून हसत सुटल्या. "अरे देवा! वर्गात साठ कार्ट्यांना मी एकटी होते. इथे एका पोरीमागे आपण चार मास्तर लागलोय! पळून जाईल नाहीतर काय?"

त्या दिवशी नलूबाईंनी नेम केला. नेमधर्माच्या त्या पक्क्या. संकष्टी कधी चुकली नव्हती. हाही उपासच समजायचा. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, तो प्रश्न पोरीला विचारायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं, की मग बोलायला काही उरतच नाही. जेवलीस का, तर समोरच जेवली होती. ऊन फार आहे का, तर दिसतच होतं. बाई दिवसभर तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. कमलाकांत म्हणाले, "बरं वाटत नाहीये का तुला?"

असेच आठवडे गेले. माघातली पौर्णिमा शनिवारी आली होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतताना मनवा बरोबर होती आणि टळटळीत दुपारी बारा वाजता तिला समुद्र बघायचा होता. अशा वेळी चौपाटीवर कोण जातं? शाळेत न जाणारी मुलगी आणि नोकरी संपलेली बाई. दोघी वाळूत उतरल्या आणि नलूबाई थबकल्या.

वाळूत अर्धा गाडला गेलेला सिमेंटचा एक ठोकळा होता. चारच दिवसांपूर्वी त्या दोघी त्यावर बसून कणीस खात होत्या, तेव्हा पाणी पार लांब होतं. आता लाटा त्या ठोकळ्याला थपडा मारत होत्या.

"अगंबाई," नलूबाई स्वतःशीच म्हणाल्या, "पाणी इथवर कसं काय आलं? बारालाच का आलं?"

मनवाने वर पाहिलं. "तुला माहीत नाही?"

"नाही गं."

"खरंच नाही माहीत?"

"गळ्याशपथ. सगळा जन्म समुद्राकाठी गेला माझा. भरती असते, ओहोटी असते, एवढंच ठाऊक. कधी आणि कुठवर, ते त्या समुद्रालाच माहीत."

पोरीच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं, की नलूबाई बघतच राहिल्या. "म्हणजे तुला पण शोधायला लागणार!" मनवा म्हणाली आणि तिने आजीचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी बाराला दोघी पुन्हा हजर. पाणी अजून ठोकळ्याच्या पलीकडेच घुटमळत होतं. थांबल्या. पाऊण तासाने ते येऊन टेकलं. सोमवारी आणखी पाऊण तास उशीर, मंगळवारी त्याहून. नलूबाईंचा गुडघा कुरकुरत होता, डोक्यावरून पदर घेऊन घेऊन मान अवघडली होती. पण सकाळी आंघोळ झाली की त्यांचं लक्ष घड्याळाकडे. त्या वरणाला फोडणी घालायला विसरल्या. कमलाकांतांनी तसंच खाल्लं आणि विचारलं, "आज किती वाजता आहे तुमचा समुद्र?"

बुधवारी संकष्टी. दुपारी तीनला पाणी आलं, पण ठोकळ्याच्या जेमतेम जवळ. "वारा नसेल आज," मनवा म्हणाली. नलूबाईंना उपासाची भूक लागली होती. त्यांनीही मान डोलावली.

संध्याकाळी मोदक झाले, आरतीची तयारी झाली आणि घर चंद्राची वाट बघत बसलं. मनवा गॅलरीत कठड्याला टेकून उभी होती. "आजी, पौर्णिमेला चंद्र दिवे लागतानाच आला होता. आज अजून नाही."

नलूबाईंना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी जीभ दाताखाली धरली.

"काल पण उशिरा आला होता. परवा पण, पण कमी उशिरा." पोरीचं बोट हवेत हिशेब करत होतं. आणि मग ती एवढ्या जोरात ओरडली, की शेजारच्या गॅलरीतल्या बाईच्या हातून वाळत घालायचा टॉवेल खाली पडला. "आजी! चंद्र रोज उशिरा येतो! पाणी पण रोज उशिरा येतं! दोघं एकदमच उशिरा येतायत!"

शाब्बास नलूबाईंच्या घशापर्यंत आलं होतं. तो शब्द त्यांनी कसाबसा मागे ढकलला आणि त्याच्या जागी सगळा जीव ओतून ओरडल्या, "मला आनंद झाला! मला फार फार आनंद झाला!" अनुजा स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, सासूबाईंना भुकेने काही झालं.

मनवा आता भुईवर नव्हतीच. रोज पाऊण तास, म्हणजे पौर्णिमेपासून आठ दिवसांनी सहा तास. रविवारी अष्टमी. "रविवारी संध्याकाळी बरोब्बर सहाला पाणी ठोकळ्याला लागणार!" मधले दिवस चौपाटीवर जायचं नाही, असं तिनेच ठरवलं. आधीच बघून ठेवलं तर सांगण्यात काय मजा? आणि मग, कोणी काही म्हणायच्या आत, तिने थेट माटुंग्याला फोन लावला. "सुभद्राआजी, रविवारी सहाच्या आत चौपाटीवर ये. मी सांगते त्या वेळेला समुद्र येणारेय."

सुभद्रा ही कमलाकांतांची धाकटी बहीण. मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. तिचा नातू अनिश कुठल्याशा स्पर्धेत पहिला आल्यापासून ती नलूबाईंकडे आली, की "पोरगी काय करते दिवसभर?" हे विचारल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाही. ती फोनवर म्हणाली, "येते हो! शाळा सोडून काय शिकलीस ते बघू तरी."

शनिवारी दुपारी, मनवा खाली खेळायला गेल्यावर, नलूबाईंमधल्या गणिताच्या बाई काही केल्या गप्प बसेनात. त्यांनी पंचांग काढलं आणि चंद्रोदयाच्या वेळा ताडून पाहिल्या. चंद्राचा उशीर पाऊण तासाहून जास्त होता. रोजची थोडी थोडी मिनिटं आठ दिवसांत साठणार. पाणी सहाला नव्हे, सातच्या सुमाराला येणार.

"पोरगी उद्या तोंडघशी पडणार," त्या मेथी निवडणाऱ्या अनुजाला म्हणाल्या. "आणि तीही सुभद्रासमोर."

अनुजाचा चेहरा उतरला. ती नियम सांगणारी अनुजा, क्षणात नुसती आई झाली. "मग आई... सांगून टाकायचं का तिला?"

"मी आत्याला टॅक्सीतून फिरवून फिरवून सातला आणतो," ध्रुव म्हणाला. "म्हणतो, ट्रॅफिक होतं. रविवार असला म्हणून काय झालं?"

"चुकू दे की," कमलाकांत म्हणाले. "आपण कोण चुकत नाही?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला!" नलूबाई कडाडल्या. चुकलेल्या गणितावर लाल शाई न मारता त्या आयुष्यात कधी झोपल्या नव्हत्या. पण आत्ता सांगितलं तर? मनवा ऐकून घेईल, वेळ बदलेल, सुभद्रा गप्प बसेल. आणि समुद्र पुन्हा बाईंचा होईल, पोरीचा राहणार नाही. जे चार दिवसांत परत मिळालं ते कायमचं जाईल. मनवा घामाघूम होऊन वर आली, पाणी प्यायली, "आजी, उद्या!" म्हणाली. नलूबाई हसल्या आणि मेथीची जुडी इतकी घट्ट धरली, की तिची भाजी करायचीसुद्धा गरज राहिली नाही.

रविवारी सहाच्या आधीच सगळं घर ठोकळ्याभोवती जमलं. सुभद्रा परीटघडीची साडी नेसून, हातात चपला धरून उभी होती. चौपाटीला जत्रा लोटली होती. मनवा ठोकळ्यावर चढून, हात कपाळाशी धरून पाण्याकडे बघत होती.

सहा वाजले. पाणी अर्ध्या वाटेवर होतं.

"येईल," मनवा म्हणाली.

पाणी येत होतंही; पण त्याला काही घाई नव्हती. सव्वासहा झाले. सुभद्राने घड्याळ पाहिलं. अनुजा ओठ चावत होती. ध्रुवने सगळ्यांसाठी भेळ आणली, ती कोणी खाल्ली नाही. नलूबाई मनातल्या मनात म्हणत होत्या, धीर धर बाळा, सातपर्यंत धीर धर, येतंय ते. सूर्य बुडाला. मरीन ड्राइव्हवर क्वीन्स नेकलेसचे दिवे लागले.

सात वाजले तरी पाणी होतं तिथेच. ठोकळ्यापासून क्रिकेटच्या पिचएवढं लांब उभं राहून ते नुसतं वाळू चाटत होतं. मग एक लाट थोडी मागेच थांबली. तिच्यानंतरची आणखी मागे. नलूबाई चष्मा पुसून पुन्हा बघू लागल्या. हे कसलं? न लागताच?

"काय गं मनवा," सुभद्रा म्हणाली, "कुठाय तुझा समुद्र? शाळेत असतीस तर बाईंनी आधीच सांगितलं असतं हो, चूक आहे म्हणून."

मनवा ठोकळ्यावरून उतरली आणि कोणाकडे न बघता पाण्याच्या दिशेने चालत गेली. अनुजा तिच्यामागे निघाली, तशी नलूबाईंनी तिचा दंड धरला. पोरगी काठाशी जाऊन बसली. ओल्या वाळूवर हात ठेवला. पुढे गेली, पुन्हा हात ठेवला. आणि मग उलट फिरून, फ्रॉक भिजवत, दोन्ही हात हवेत फेकत धावत सुटली.

"आजी! वळलं! ठोकळ्यापर्यंत न येताच वळलं! आजी, ते आज एवढंच आलं!" तिला धाप लागली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता उजेड होता. "माझी वेळ चुकली, आणि पाणी पण चुकलं!"

"माझंही चुकलं, मनू," नलूबाई म्हणून गेल्या.

"तुझं काय चुकलं?"

आता लपवून काय उपयोग? "मी काल हिशेब केला होता. पंचांग घेऊन. मला वाटलं, सहाला नाही, सातला येईल. वेळ जवळपास बरोबर निघाली, पण मला वाटलं होतं ठोकळ्याला लागणार. तेच चुकलं."

मनवाने कमरेवर हात ठेवले. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. तुला वाटेल, आजी पुन्हा शिकवायला लागली."

"ते शिकवणं नाहीये!" पोरगी वैतागून म्हणाली. "ते तुझं उत्तर होतं ना? तुला पण नक्की माहीत नव्हतं ना? मग सांगायचं! आपण दोन खुणा केल्या असत्या, तुझी आणि माझी."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत नलूबाईंनी पोरांना हजारो उत्तरं सांगितली होती. पण माझं हे असं आहे, तुझं काय, आणि दोन्ही चुकू शकतात बरं का, असं कधी कोणाला म्हटलं नव्हतं.

"अहो वहिनी," सुभद्रा म्हणाली, पण तिचा आवाज आता निराळा होता, मान उंच करून ती पाण्याकडे बघत होती, "तुम्ही गणिताच्या बाई ना? मग सांगा की, ते मध्येच का वळलं?"

"मला माहीत नाही," नलूबाई म्हणाल्या.

मनवाने त्यांचा हात खेचला. चपला ठोकळ्यापाशी टाकून, साडी वर खोचून, दुखरा गुडघा विसरून बाई तिच्यामागे ओल्या वाळूत निघाल्या. पोरीच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. आजी, बुधवारी पण कमी आलं होतं, तेव्हापासूनच कमी होतंय का? आजी, चंद्र अर्धा झाला म्हणून पाणी पण अर्धं झालं का? अमावस्येला चंद्रच नसतो, मग पाणी येणारच नाही का? आणि ते इथून जातं तेव्हा नक्की जातं कुठे, आजी?

"माहीत नाही," नलूबाई म्हणत होत्या. "नाही गं, माहीत नाही. बघायला हवं. तेही माहीत नाही." कधी नव्हे ते हे शब्द त्यांच्या तोंडून भडाभडा बाहेर पडत होते, आणि दर वेळी पोरगी त्यांना आणखी बिलगून पुढचा प्रश्न विचारत होती.